मायको सर्कल ते अभ्यासिका

नाशिकच्या मायको सर्कलला आजही कुणी बॉश सर्कल म्हणत नाही. मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, सातपूरच्या कारखान्यावरची पाटी बदलली, चौकाचं नाव मात्र मायकोच राहिलं. आयटीआय किंवा डिप्लोमा करून मुलगा ‘मायकोत लागला’ की घर सावरलं, असा हिशेब सातपूर-अंबड भागात कित्येक वर्षं चालत होता. कायम नोकरी, कंपनीची बस, कॅन्टीन, बोनस आणि काही वर्षांनी सिडकोत घर. लग्नाच्या बोलणीत मुलाच्या पदवीआधी कंपनीचं नाव विचारलं जाई.

नाशिकरोडला हेच स्थान ‘प्रेस’चं होतं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये उभी राहिली, करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये. देशाच्या नोटा, टपाल तिकिटं, मुद्रांक आणि पुढे पासपोर्ट छापणाऱ्या या दोन आवारांनी जेलरोड, उपनगर, देवळाली गाव अशा वस्त्यांमधल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या पगार दिला. ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला, मिग-२१ तयार होऊ लागली, आणि शेतकरी घरांतली मुलं विमानाच्या कामाला लागली. याच ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए आकाशात झेपावलं.

या मुलांना कुणी करिअर मार्गदर्शन केलं नव्हतं. कारखाना डोळ्यांसमोर होता, भोंगा ऐकू येत होता, शेजारचे काका सायकलवरून पाळीला जाताना दिसत होते. आजचा नाशिकचा पदवीचा विद्यार्थी याच रीतीने निवड करतो. फरक पडला आहे तो डोळ्यांसमोर काय आहे, यात.

मुलांनी करिअर कसं निवडावं याचं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये आलं. स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती घ्या, मग दोन्हींचा मेळ घाला, अशी त्यांची साधी मांडणी. आपल्याकडच्या बहुतेक कल-चाचण्या अजून याच पायावर उभ्या आहेत. १९८१ मध्ये लिंडा गॉटफ्रेडसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वेगळी बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मूल निवड करण्याच्या फार आधीपासून वगळत जातं. सहा ते आठ वर्षांचं असताना ‘हे मुलींचं काम, हे मुलांचं’ म्हणून काही कामं बाद होतात. नऊ ते तेराच्या वयात ‘हे आपल्या पायरीचं नाही’ म्हणून आणखी काही जातात. प्रत्यक्ष आवडीचा विचार सुरू होतो तेव्हा हातात थोडंच उरलेलं असतं, आणि त्यातूनही मिळण्याजोगं काय ते पाहून तडजोड होते.

नाशिकला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. सुरगाण्याच्या मुलीच्या यादीत बहुधा शिक्षिका, नर्स, पोलीस, तलाठी असतात. गंगापूर रोडच्या मुलाच्या यादीत संगणक अभियंता, डॉक्टर, सीए, आणि परदेशी शिक्षण. दोघांची बुद्धी सारखी असू शकते. याद्या सारख्या नसतात, आणि त्या तयार होताना दोघांनाही कुणी विचारलेलं नसतं.

माध्यमांत करिअरची चर्चा चालते ती अभियांत्रिकी आणि वैद्यकीयची. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशातले पदवीचे ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, विज्ञानात १४.८, वाणिज्यात १३.३ आणि अभियांत्रिकीत ११.८ टक्के. म्हणजे सर्वांत मोठा गट बी.ए. करणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी प्लेसमेंटचा हंगाम नसतो, कंपन्या येत नाहीत, पॅकेजच्या बातम्या छापून येत नाहीत. हा गट मग जातो कुठे, याचं उत्तर नाशिकमध्ये शोधायला लांब जावं लागत नाही. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर जावं, आणि दुपारी एखाद्या अभ्यासिकेत.

मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असतात. त्यांच्या भाषेत हे ‘ग्राउंड’. ग्राउंड झालं की लेखी, आणि लेखीसाठी अभ्यासिका. महिन्याच्या फीवर खुर्ची मिळते. टेबलावर चालू घडामोडींची मासिकं, भिंतीवर वेळापत्रक, खिडकीत पाण्याच्या बाटल्या. बोलण्यात अटेम्प्ट, कटऑफ, ‘जाहिरात कधी येणार’ हे शब्द. कसमादे पट्ट्यातून, निफाड-येवल्यातून, शेजारच्या धुळे-नंदुरबारहून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात आणि मेसच्या डब्यावर दिवस काढतात.

आकडे पाहिले की या वाटेवरची गर्दी कळते. राज्यात २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या; अर्ज दहा लाखांहून जास्त आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक. परीक्षा शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले. वरच्या टोकाला, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार बसले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली.

या गर्दीला शहाणे लोक नावं ठेवतात. मुलं वास्तव समजून घेत नाहीत, असं म्हणतात. हा आरोप अन्यायाचा आहे. बी.ए. झालेल्या मुलासमोर खरोखर कोणते पर्याय असतात ते पाहावं. अंबडच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम, तेही कधी थांबेल याचा भरवसा नाही. खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवणं, दुकानात किंवा कुरिअरमध्ये नोकरी, नाहीतर घरची दोन-तीन एकर शेती. याच्यासमोर सरकारी नोकरीत कायमपणा आहे, ठरलेला पगार आहे, आणि जातीचा, आडनावाचा, ओळखीचा प्रश्न न येता गुणांवर मिळणारी जागा आहे. अशी जागा आपल्या समाजात दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी मिळते. मुलींसाठी त्यात आणखी एक गोष्ट असते. ‘परीक्षेची तयारी करतेय’ एवढ्या आधारावर लग्न दोन-तीन वर्षं पुढे ढकलता येतं, शहरात राहता येतं. कित्येक घरांत ही सवलत दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मिळत नाही.

शिवाय ही वाट दिसते. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यात सुरू झालेलं पोलीस प्रशिक्षणाचं हे केंद्र १९०९ मध्ये नाशिकला आलं. राज्यातले उपनिरीक्षक इथे घडतात. दीक्षान्त संचलनानंतर आई-वडिलांना टोपी घालणाऱ्या, मानाची तलवार हातात घेतलेल्या मुला-मुलींची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात, आणि गावच्या चौकात फ्लेक्स लागतो. विश्वास नांगरे पाटील २०१९-२० मध्ये नाशिकचे पोलीस आयुक्त होते. कोकरूडसारख्या गावातून निघून आयपीएस झालेल्या या अधिकाऱ्याचं ‘मन में है विश्वास’ हे पुस्तक अभ्यासिकांमध्ये हातोहात फिरलं. रमेश घोलप यांची गोष्ट तर या मुलांना पाठ असते. बार्शीजवळच्या महागावचा, आईबरोबर बांगड्या विकणारा मुलगा डी.एड. करून शिक्षक झाला, मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि २०१२ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत गेला. इतकी स्पष्ट, टप्प्याटप्प्याने सांगता येणारी, आपल्यासारख्याच घरातून सुरू होणारी गोष्ट दुसऱ्या कोणत्या व्यवसायाने या मुलांना सांगितली आहे?

सरकारच्या योजनाही याच दिशेला ढकलतात. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी मोफत शिकवणी आणि विद्यावेतन दिलं. त्याचा खरा उपयोग झाला आहे. पण कला शाखेच्या मुलासाठी आधाराचं सर्वांत ओळखीचं दार स्पर्धा परीक्षेचंच असेल, तर तो त्याच दारातून जाणार. मग परीक्षेची पद्धत बदलली की आयुष्याचं वेळापत्रक कोलमडतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तो २०२३ पासून लागू होणार होता. विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. त्या आंदोलनात मागितलं होतं ते फक्त वेळ.

सगळे मात्र याच वाटेचे नाहीत. अभियांत्रिकीकडे वळलेल्यांची तऱ्हा वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला लासलगावचा कांदा बरा पडतो. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात, सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो. मग पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या बाबतीत हेच चक्र दाखवलं. प्रवेश घेताना विद्यार्थी आजचा पगार पाहतो, पदवी हातात येते चार वर्षांनी, आणि तोवर बाजार बदललेला असतो.

महाराष्ट्राने या चक्राचे फटके एकदा नाही, अनेकदा खाल्ले आहेत. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. नाशिकचं क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चं. त्या काळी मेकॅनिकलला मान होता, कारण सातपूर-अंबडचे कारखाने समोर होते. सातपूरच्या बॉशमध्ये डिझेल इंजिनासाठी लागणारे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानकं आली, छोट्या डिझेल मोटारी बाजारातून हटू लागल्या, पाठोपाठ विजेवरच्या गाड्या आल्या. त्याआधीच मुलांचा ओढा संगणकाकडे वळला होता. मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या महाविद्यालयांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाही काढली आणि संगणकाच्या तुकड्या वाढल्या. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा राज्यात कॅप राउंडसाठी पसंतिक्रम भरण्याची धावपळ चालू होती. आई-वडील आणि मुलगा सायबर कॅफेत बसून कॉलेजांचे कोड टाकत होते, आणि पहिल्या दहा पर्यायांत बहुधा संगणकच होतं.

सर्वांत क्रूर फटका मात्र डी.एड.चा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षकाची नोकरी, हे ग्रामीण महाराष्ट्राचं सर्वांत सुरक्षित गणित होतं. हुशार मुली अभियांत्रिकी सोडून डी.एड.ला जात. महाविद्यालयं भराभर निघाली. २०१२ नंतर शिक्षक भरती जवळजवळ थांबली; अभियोग्यता चाचणी झाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये, आणि पवित्र पोर्टलवरची निवड त्यानंतर रखडत गेली. मधल्या वर्षांत पदविका घेऊन बसलेल्या हजारो मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, काहींचं वय निघून गेलं. त्यांनी निवड चुकीची केली होती, असं कुणी म्हणू नये. त्यांना जी माहिती दिली गेली ती मागच्या हंगामाची होती, आणि नवीन महाविद्यालयांना परवानग्या देणाऱ्यांकडे पुढच्या हंगामाची माहिती असायला हवी होती.

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, इथे निवडीचा प्रश्न आणखी आधी, रस्त्यावर आणि ताटावर येतो. बारावीपर्यंत मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पदवीला तो नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, तेवढा हातभार. तरी पेठहून रोज नाशिकला येऊन विज्ञानाचं प्रात्यक्षिक करून परत जाणं सोपं नाही. पाच वाजेपर्यंत चालणारं प्रात्यक्षिक आणि शेवटची गाडी यांत गाडीच जिंकते. म्हणून पुष्कळ मुली जवळ जे महाविद्यालय असेल तिथली कला शाखा घेतात. कागदावर ती ‘आवड’ म्हणून नोंदली जाते.

वसतिगृह मिळालं तर चित्र बदलतं, आणि नाशिकला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये स्थापन झाला. सत्यशोधकी विचारांच्या त्या संस्थापकांनी शाळांइतकंच लक्ष बोर्डिंगकडे दिलं. उदाजी मराठा बोर्डिंगच्या कामाला राजर्षी शाहू महाराजांचं पाठबळ होतं आणि १९२० मध्ये ते त्यासाठी नाशिकला आले होते. जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतून वकील, डॉक्टर, अभियंते निघाले त्याची सुरुवात अशा बोर्डिंगांमध्ये आहे. जेवण आणि अंथरूण हे करिअरच्या चर्चेत कुणी धरत नाही, मुलांनी मात्र धरलं आहे. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतले विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, ते वसतिगृहातलं जेवण बंद करून त्याचे पैसे खात्यात टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला असल्याने असे मोर्चे इथेच येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरगाण्याचे माजी आमदार जे. पी. गावित यांच्या नेतृत्वाखाली पेसा क्षेत्रातल्या १७ संवर्गांच्या भरतीसाठी मोठं आंदोलन झालं. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवक या पदांवर निवड झालेले तरुण न्यायालयीन वादात अडकून पडले होते. सरकारने शेवटी मानधनावर नेमणुकीचा मार्ग काढला. शिकून, परीक्षा देऊन, निवड होऊन ताटकळलेला मोठा भाऊ घरात बसलेला धाकटी बहीण पाहते. तिची निवड त्या दृश्यातून ठरते.

दिसण्याचा परिणाम चांगल्या दिशेनेही होतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकच्या मैदानावर तयार झालेल्या त्या धावपटूमागोमाग संजीवनी जाधव, मोनिका आथरे अशी नावं उभी राहिली. खेळातून नोकरी मिळते, पाड्यावरची मुलगी देशासाठी धावू शकते, ही गोष्ट तोवर या भागात कुणी सांगितली असती तर पटली नसती. कविताला पाहिल्यावर ती सांगावी लागली नाही.

मुलींच्या बाबतीत पैशाचा अडसर हलवण्याचा एक मोठा निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ‘एकालाच इंजिनीअरिंगला पाठवू शकतो, भावाला पाठवू’ हे वाक्य घराघरांत ठरलेलं असे. आता किमान फीच्या कारणाने ते म्हणता येणार नाही. राहण्या-जेवणाचा खर्च, शहराची भीती, नातेवाइकांची बोलणी शिल्लक आहेतच.

निवड एकदाच होते आणि अठराव्या वर्षी होते, हा समजही नाशिकने खोटा ठरवला आहे. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १ जुलै १९८९ रोजी ते सुरू झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीपर्यंत नेणारी ही व्यवस्था. शिपाई, पोलीस, अंगणवाडी सेविका, शेतकरी, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाया इथे शिकल्या. स्पर्धा परीक्षेचे उमेदवारही नियमित कॉलेजच्या हजेरीतून सुटका म्हणून इथली बी.ए. करतात. हे विद्यापीठ नसतं तर दुसरी संधी हा शब्द महाराष्ट्रात फार महाग पडला असता. जिल्ह्याचा इतिहासही याच्या बाजूने बोलतो. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके जे.जे.मध्ये शिकले, बडोद्याला गेले, छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात काम केलं, छापखाना काढला. चाळिशीत ख्रिस्तावरचा एक चित्रपट पाहिला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. एचपीटी महाविद्यालयाचे पदवीधर वि. वा. शिरवाडकर आधी गोदावरी सिनेटोनमध्ये गेले, मग पत्रकारितेत. कुसुमाग्रज म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ती ओळख कुठल्याही पसंतिक्रमात भरून मिळालेली नव्हती.

आता या जिल्ह्यातल्या ज्या गोष्टी मुलांना दिसतच नाहीत त्यांच्याकडे वळू. देशातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा मोठा हिस्सा नाशिकचा. आडगावचे विलास शिंदे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झाले, नोकरी न धरता घरच्या शेतीत आले, आणि पहिली अनेक वर्षं तोट्याची गेली. २००४ मध्ये बारा शेतकऱ्यांना घेऊन त्यांनी द्राक्ष निर्यात सुरू केली. २०१० मध्ये युरोपने एका संजीवकाच्या अंशावरून भारतीय द्राक्षं नाकारली तेव्हा ते मोठ्या संकटात सापडले. त्यानंतर दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, जिच्याकडे आज देशभरातून लोक पाहायला येतात. याआधी स्टॅनफर्डला शिकलेले राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीवर परतले होते. २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन आली आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं.

सामंतांची पार्श्वभूमी सर्वांकडे नसते, आणि शिंदे यांच्याइतकी सोसण्याची ताकदही. मुद्दा या दोघांचं अनुकरण करण्याचा नाही. द्राक्षाची एक पेटी युरोपात जायला किती प्रकारची माणसं लागतात, ते पाहण्याचा आहे. उर्वरित अंश तपासणारे रसायनशास्त्रज्ञ, माती-पानांचे परीक्षक, शीतगृहाचे तंत्रज्ञ, निर्यातीची कागदपत्रं करणारे वाणिज्य पदवीधर, परदेशी ग्राहकाशी बोलणारे, शेतकऱ्यांच्या नोंदी संगणकावर ठेवणारे, वाइनरीत पाहुण्यांना माहिती देणारे. बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए. तिघांनाही इथे जागा आहे. निफाडच्या घराघरात द्राक्षबाग आहे, आणि त्याच घरातला मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्री करून तलाठी भरतीचा फॉर्म भरतो. बाप बागेकडे फक्त कष्ट, कर्ज आणि अवकाळी पाऊस म्हणून बोट दाखवतो. प्रयोगशाळा त्याला कुणी दाखवलेली नसते. हीच गोष्ट दिंडोरी रोडच्या ‘मेरी’ या १९५९ पासूनच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, सातपूरला २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या ईएसडीएससारख्या डेटा सेंटर कंपनीची. रोज यांच्यासमोरून बसने जाणाऱ्या विद्यार्थ्याला आत काय चालतं ते माहीत नसतं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं की नोकरीची उपयोगी बातमी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. जवळची माणसं आपल्याच जगातली असतात. आपल्याला जे माहीत तेच त्यांना माहीत. कॉलेज रोडवरच्या डॉक्टरच्या मुलाला वडिलांचे मित्र, आतेभाऊ, सोसायटीतले शेजारी अशा पन्नास लांबच्या ओळखी आयत्या मिळतात. अभयारण्य नांदूर मध्यमेश्वरचं, काम पक्षी अभ्यासकाचं, असंही काही असतं हे त्याला जेवणाच्या टेबलावर कळतं. कळवणच्या मुलीला ही ओळख कॉलेजनेच द्यायला हवी. दुसरं कुणी देणार नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल-चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, मानव्य, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. लाखो मुलांना कागद मिळाला. कागदानंतर बोलायला माणूस मिळाला नाही. ठाण्याच्या आयपीएच संस्थेची ‘वेध’ ही व्यवसाय प्रबोधन परिषद डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि अनेक शहरांत पोहोचली. वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं मंचावर बसून आपला प्रवास सांगतात आणि मुलं ऐकतात. तिची ताकद माणूस दाखवण्यात आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन मिळू लागलं. चांगल्या कार्यालयात काम शिकायला मिळालं तर तिचा उपयोग आहे; नुसती फायलींची ने-आण झाली तर मुदत संपल्यावर मुलगा पुन्हा अभ्यासिकेत.

खरी संधी नव्या शैक्षणिक धोरणातल्या एका तरतुदीत आहे. क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मुलांच्या भाषेत ‘ओजेटी’, यांना आता श्रेयांक आहेत. पुष्कळ ठिकाणी ओजेटी म्हणजे ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून देणं झालं आहे, आणि हे दुर्दैव आहे. ज्या जिल्ह्यात नोटा छापल्या जातात, लढाऊ विमानं तयार होतात, आशियातली सर्वांत मोठी मानली जाणारी कांद्याची बाजारपेठ आहे, पोलीस अकादमी, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि दोन राज्यस्तरीय विद्यापीठं आहेत, तिथल्या विद्यार्थ्याला काम पाहायला जागा नाही, हे पटण्यासारखं नाही.

नाशिकच्या महाविद्यालयांकडून दोन गोष्टींची अपेक्षा ठेवता येईल आणि दोन्हींना फार पैसा लागत नाही. पहिली, पाच आणि दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीचं पुढे काय झालं याची प्रामाणिक नोंद ठेवावी आणि प्रवेशाच्या दिवशी ती पालकांच्या हातात द्यावी. फक्त प्लेसमेंट झालेल्यांचे फोटो नकोत. कंत्राटी कामावर असलेले, शेती करणारे, परीक्षा देत राहिलेले, घर सांभाळणाऱ्या मुली, सगळे त्यात यावेत. दुसरी, पदवीच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे अभ्यासिकेची फी भरण्याआधी, प्रत्येक विद्यार्थ्याने जिल्ह्यातली किमान चार-पाच कामाची ठिकाणं आतून पाहिलेली असावीत. त्यानंतर त्याने वर्दीच निवडली तर ती त्याची निवड असेल आणि तिला पूर्ण मान द्यावा.

आणि हे वाचणारे तुम्ही प्रेसमध्ये, एचएएलमध्ये, प्रयोगशाळेत, वाइनरीत, बँकेत, न्यायालयात किंवा स्वतःच्या छोट्या कारखान्यात काम करत असाल, तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर आपल्या गावच्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक फोन करा. तासभर येऊन आपलं काम, पगार, त्रास आणि तिथे पोहोचण्याची वाट मुलांना सांगायची तयारी आहे, असं कळवा. शक्य असेल तर त्यांतल्या पाच-सहा जणांना आपलं कामाचं ठिकाण दाखवायला न्या, आणि त्यांत मुली असतील याची काळजी घ्या.